तुम्ही विचारलंत म्हणून: तेलाच्या खडकात साबणाचा फेस कशाला?

"कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडून तेल काढता, इथवर समजलं. पण त्यात साबणाचा फेस कशाला?" पश्चिम टेक्सासच्या तेलक्षेत्रात काम करते हे कळलं की नातेवाइकांपासून इंजिनिअरिंगच्या मुलांपर्यंत बरेच जण मला हे विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "मग यात पर्यावरणाचं भलं होतं का?" पहिल्याचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. दुसऱ्याचं टाळता येत नाही.

इथलं बरंचसं जुनं तेल सॅन अँड्रेस नावाच्या डोलोमाइट खडकात आहे, साधारण दीड किलोमीटर खोल. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा छिद्रांत ते साठलेलं असतं. सुरुवातीला ते स्वतःच्या दाबाने वर येतं. दाब ओसरला की काही विहिरींतून पाणी आत सोडतात आणि त्या रेट्याने शेजारच्या विहिरींतून तेल काढतात. एवढं करूनही निम्म्याहून अधिक तेल बऱ्याचदा खडकातच राहतं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे छिद्रांच्या अरुंद तोंडाशी तेलाचे थेंब अडकून बसतात. मग कितीही पाणी ढकललं तरी ते हलत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडचं बळ इथे कामाला येतं. तापमान 31 अंश सेल्सिअसच्या आणि दाब हवेच्या सुमारे 73 पटींच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. त्याची घनता द्रवाच्या जवळ जाते, पण वाहणं वायूसारखंच राहतं. दाब पुरेसा असला तर तो तेलातले हलके घटक स्वतःत ओढून घेतो आणि स्वतः तेलात मुरतो. तेल फुगतं, पातळ होतं, आणि शेवटी दोघांमधली सीमाच पुसली जाते. सीमा गेली की थेंबाला अडकून राहायला कारण उरत नाही. टेक्सासच्या स्करी काउंटीतल्या सॅक्रॉक क्षेत्रात 1972 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. चांगल्या क्षेत्रांत या पद्धतीने मूळ साठ्याच्या 8 ते 16 टक्के तेल जास्तीचं मिळतं.

मात्र हा वायू जिथे हवा तिथे जात नाही. इथल्या खोलीवर तो पाण्याच्या जवळजवळ दहापट पातळ असतो. शेताच्या बांधाला उंदराने बीळ पाडलं की पाटाचं सगळं पाणी तिथूनच निघून जातं आणि पलीकडचे वाफे कोरडे राहतात, तसंच होतं. खडकात एखादा सैल थर किंवा भेग असली की वायू तिथूनच धावतो. शेजारच्या विहिरीतून तो तेलाऐवजी स्वतःच बाहेर येतो, मग गोळा करून, पुन्हा दाबून परत आत सोडावा लागतो. कॉम्प्रेसर चालवायला वीज लागते, पैसा लागतो, आणि ज्या थरात तेल शिल्लक आहे तो अस्पर्शच राहतो. आमच्या कामातली खरी लढाई हीच आहे.

पहिला उपाय म्हणजे आळीपाळीने पाणी आणि वायू सोडणं. त्याला आम्ही वॅग म्हणतो. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये, तिथे हायड्रोकार्बन वायू वापरून, तो 1957 मध्येच झाला होता. पाण्यामुळे वायूची धाव थोडी आवरते. पण विहिरीपासून दूर गेल्यावर पाणी खाली बसतं, वायू वर चढतो आणि दोघांची वाट वेगळी होते.

फेस यापुढची पायरी. पाण्यात साबणाच्या जातीचं रसायन, बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, मिसळून आत सोडायचं आणि त्यामागून कार्बन डायऑक्साइड. छिद्रांमधून जाताना पाण्याचे पातळ पडदे तयार होतात, एकामागून एक, असंख्य. वायूला पुढे जायचं तर प्रत्येक पडदा ताणून, ओढून न्यावा लागतो. तो जणू अचानक घट्ट होतो आणि त्याचा वेग पडतो. ही कल्पना जुनीच आहे. बाँड आणि होलब्रुक यांना 1958 मध्ये फेसाने तेल काढण्याचं पेटंट मिळालं होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. फेसाचे पडदे तेल लागलं की बहुतेक वेळा फुटतात, आणि मोठ्या छिद्रांच्या सैल थरात ते चांगले टिकतात. म्हणजे तेल धुऊन गेलेल्या मोकळ्या वाटा तो बुजवतो आणि तेल भरलेल्या थराकडे वायूला वळवतो. दीड किलोमीटर खाली कोणती वाट बुजवायची हे आम्हाला सांगावं लागत नाही. रसायन निवडलं की बाकीची निवड खडक आणि तेल करतात.

हे प्रयोगशाळेत थांबलेलं नाही. न्यू मेक्सिकोच्या ईस्ट व्हॅक्यूम क्षेत्रात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडच्या फेसाचा प्रयोग झाला. नॉर्वेच्या स्नोर क्षेत्रात त्याच दशकाच्या शेवटी हायड्रोकार्बन वायूवर फेस वापरला गेला. टेक्सासच्या ईस्ट सेमिनोलमध्ये 2019 मध्ये बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पुन्हा आळीपाळीने साबण आणि वायू सोडून पाहिलं.

तरीही फेस सर्रास वापरला जात नाही, याचं मोठं कारण साबण खडकालाच चिकटतो हे आहे. नेहमीच्या साबणांचे रेणू ऋणभारित असतात आणि चुनखडी किंवा डोलोमाइटचा पृष्ठभाग बहुतेकदा धनभारित. महागडं रसायन फेस करण्याआधीच खडकाच्या भिंतीवर संपतं. खारं पाणी आणि उष्णता त्यात भर घालतात. म्हणून दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्येच विरघळणाऱ्या साबणांवर काम चाललंय. रसायन वायूसोबतच जाईल तर वायू जिथे जास्त धावतो तिथेच फेस होईल. पुढचा खरा टप्पा मला तिथे दिसतो.

आता दुसरा प्रश्न. एक पिंप तेल जाळलं की सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ते काढताना खडकात साधारण 300 किलो कायमचा अडकतो. शिवाय तो आला कुठून, हेही पाहायला हवं. टेक्सासला येणाऱ्या वायूचा मोठा भाग कोलोरॅडोच्या मॅकएल्मो डोमसारख्या नैसर्गिक साठ्यांतला आहे. 1984 पासून कोर्टेझ पाइपलाइनने तो सुमारे 800 किलोमीटर वाहून आणला जातो. जमिनीतून काढून पुन्हा जमिनीत घातलेल्या वायूला हवामानाचा उपाय म्हणणं मला पटत नाही. कॅनडाच्या वेबर्न क्षेत्राचा हिशेब वेगळा, कारण तिथे 2000 पासून नॉर्थ डकोटातल्या कोळशाच्या वायुनिर्मिती कारखान्यातला वायू येतो. तो नाहीतर हवेतच गेला असता.

म्हणूनच ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी 2019 मध्ये कोयाली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड गुजरातच्या गंधार क्षेत्रात सोडण्यासाठी करार केला, तेव्हा मला आनंद झाला. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: फेसाचा विचार वायू फुटून बाहेर यायला लागल्यावर नको. गंधारच्याच खडकाचे तुकडे, तिथलंच तेल आणि तिथलंच पाणी घेऊन, तिथल्याच तापमानाला, कोणता साबण किती चिकटतो हे आधी मोजायला हवं. टेक्सासच्या डोलोमाइटसाठी ठरवलेलं रसायन तिथे चालेलच असं धरून चालता येत नाही.