सात महिन्यांची स्कूटर आणि तिचं किंचाळणं

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक दाबला की आजूबाजूचे चार जण वळून बघतात. सात महिन्यांची स्कूटर, ४,००० किलोमीटरसुद्धा झालेले नाहीत, आणि आवाज फळ्यावर खडू कर्रर्र करावा तसा. सर्व्हिसिंगला दोनदा सांगितलं. "नवीन आहे मॅडम, सेट होईल." बाबांचं म्हणणं, बरंय, हॉर्नचं काम वाचलं!

पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक ओरडतात, ते मला माहीत होतं. रात्रीत डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, गंजाचा पातळ थर येतो, घासला की जातो. पण हे दिवसभर चालायचं.

आज शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग, उघडून त्यातले डिस्कवर घासणारे पॅड माझ्या हातात दिले. जाडी भरपूर शिल्लक, पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. "घाटात गेला होतात का ताई?" गेलो होतो की! सिंहगडावरून उतरताना मी पूर्ण रस्ता पुढचा ब्रेक दाबून धरला होता. सतत तापून पॅडला अशी चकाकी येते, मग तो नीट पकड घेत नाही, डिस्कवर थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच ही किंकाळी.

काकांनी पॅड पॉलिश पेपरवर घासले, डिस्क पुसली, पिना साफ करून ग्रीस लावलं. "उतारावर दाबायचं, सोडायचं. धरून ठेवायचं नाही. परत ओरडली तर पॅड बदलू."

येताना नळ स्टॉपला मुद्दाम जोरात ब्रेक मारला. कोणीही वळून बघितलं नाही.