चार काट्यांवर एक गाडी

माझी गाडी डावीकडे वळताना एक असते आणि उजवीकडे वळताना दुसरीच, हे मला पहिल्यांदा पन्हाळ्याच्या चढावर जाणवले. उजव्या वळणावर ती मी म्हणेन तशी वळत होती. डाव्या वळणावर मात्र तिचे नाक बाहेरच्या अंगाला सरकत जायचे आणि स्टिअरिंग आणखी थोडे फिरवावे लागायचे. उतरताना रस्ता ओला होता. एका वळणावर म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, तेव्हा पुढचे डावे चाक जाम होऊन घसरले आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. म्हैस शांतपणे निघून गेली. मी मात्र सांगलीत येईपर्यंत काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही.

ही गाडी म्हणजे २००२ सालची सॅन स्टॉर्म. गोव्यात तयार झालेली, दोन माणसांची, उघड्या टपाची आणि फायबरच्या बॉडीची ही छोटी गाडी रेनोच्या ११४९ सीसी पेट्रोल इंजिनवर चालते. ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या घरगुती गाडीपेक्षाही कमी. तरीही ती अंगाला हलकी असल्यामुळे चालवायला मजा येते. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी हाच विचार १९५७ साली लोटस सेव्हन काढून टोकाला नेला होता, आणि १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क कॅटरहॅमने घेतल्यापासून तोच सांगाडा थोड्याफार फरकाने अजून बनतो आहे. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन कमी केले तर ती चढावर, वळणावर आणि ब्रेक दाबतानाही सुधारते. याची दुसरी बाजू मला नंतर समजली. जड गाडीत जे दोष गादीखाली दडून राहतात, ते हलक्या गाडीत थेट हाताला आणि पाठीला लागतात.

गोव्यातून जुनी गाडी आणण्याच्या कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते, कारण तो भाग कंटाळवाणा असला तरी अवघड नव्हता. गोव्याच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये मिळाले. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, आणि सांगलीचा, म्हणजे एमएच १० चा, नवा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७ भरला. महाराष्ट्राचा वाहनकर वेगळा भरावा लागला. पंधरा वर्षांनंतर केलेल्या नूतनीकरणाची पाच वर्षांची मुदत त्याच वर्षी संपत होती. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीसाठी ही फी ५,००० रुपये झाली होती, तीही भरली. वेळ गेला तो चासिस नंबरची पेन्सिलने छाप काढण्यात, कारण त्या जागेवर रंगाचे तीन थर होते आणि ते नंबर न खरवडता उतरवायचे होते.

गाडी आली तशी हौशी मंडळींनी सल्ले सुरू केले, की यात मोठे इंजिन बसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितले आहे. मी कर सल्लागार आहे. दिवसभर दुसऱ्यांना नियम सांगणाऱ्या बाईने स्वतःची गाडी बेकायदा करणे शोभले नसते. त्यामुळे माझ्या लेखी ट्यूनिंग म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असेल, तिथपर्यंत तिला परत नेणे.

पहिले काम विजेचे निघाले. डावा इंडिकेटर लावला की त्याच्या ठेक्यावर पेट्रोलचा काटा उड्या मारायचा आणि ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद व्हायचा. दोन इलेक्ट्रिशियननी मीटर बदलायला सांगितला. तिसऱ्याने आधी विचारले, "ताई, बॉडी पत्र्याची हाय का फायबरची?" पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच अर्थचे काम करते, दिवा जिथे बसवला तिथेच त्याची परतीची वाट तयार असते, फायबरमधून मात्र वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी ओढून चासिसला जोडावी लागते. ते जोड गोव्याच्या खाऱ्या हवेत हिरवे पडले होते आणि परतीची वाट न मिळालेली वीज शेजारच्या उपकरणातून आडवाटेने जात होती. त्याने नऊ जोड पॉलिश पेपरने घासले, वायरींच्या टोकांना नवे लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवले, वरून ग्रीस लावले आणि मीटर न बदलता साडेआठशे रुपये घेतले. सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्या माणसाला ओलाव्याची धास्ती असतेच. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की ही गाडी विश्रामबागेत भावाच्या दारात जाते, आणि तिथून परत आणली की मी आधी तेच नऊ जोड बघते.

पेट्रोलच्या नळ्याही सगळ्या बदलल्या. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि चिरतात, म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या, जे३० आर९ असा शिक्का असलेल्या नळ्या पुण्याहून मागवल्या. ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे मी हिवाळाभर अडकून पडते, त्याच उसाच्या इथेनॉलने माझ्या नळ्या खाव्यात, हे जरा जास्तच झाले.

बॉडीला डाव्या पुढच्या चाकावर हातभर लांब चीर होती. मिरजेत एक कारागीर फायबरचे पुतळे आणि मंदिरांचे कळस करतो. त्याच्याकडे गाडी नेली. त्याने चिरेकडे पाहिलेच नाही. खिशातून रुपयाचे नाणे काढून तो बॉडीवर बोटभर अंतराने टकटक करत गेला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. जिथे थर घट्ट होते तिथे आवाज टणटणीत यायचा, जिथे आतून सुटले होते तिथे तो पुठ्ठ्यासारखा बसका व्हायचा. अशा जागांवर त्याने खडूने गोल काढले. तंबोऱ्याच्या गावातला माणूस, कान तयार असणारच. दिसणारी चीर हातभर होती, खडूचे गोल दोन हातभर पसरले.

पावसात काम करायला त्याने साफ नकार दिला, कारण दमट हवेत रेझिन, म्हणजे फायबरचे थर चिकटवणारा द्रव, नीट वाळत नाही. दसऱ्यानंतर काम सुरू झाले. आधी जुन्या मालकाच्या काळात भरलेली लांबी (पुट्टी) काढली. ती पिशवीत घालून तोलली तेव्हा पावणेदोन किलो भरली. मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, म्हणजे चीर पुढे पळत नाही. आतल्या बाजूने फायबर उतरता घासला आणि लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा असे काचतंतूंच्या तीनशे ग्रॅमच्या मॅटचे तीन थर रेझिनने बसवले. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण ढवळायचे आणि हार्डनर सगळ्यात शेवटी घालायचे. हे दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, म्हणून त्याने त्यांच्या बाटल्या खोलीच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. आणखी एक थर घालून बळकट करा, असे मी म्हटले, त्यावर तो म्हणाला, "जाड ठिगळाच्या कडेलाच नवी चीर पडते, ताई. बाकीच्या अंगाएवढंच जाड पाहिजे."

एवढे होऊनही वळणाचा दोष तसाच होता. तोपर्यंत चाकांचे अलाइनमेंट तीन वेगवेगळ्या ठिकाणी करून झाले होते आणि तिन्ही ठिकाणी संगणकाने सगळे आकडे हिरवे दाखवले होते. ब्रेकचे पॅड, होज आणि टायर बदलून झाले. मेस्त्रींनी अखेर हात टेकले आणि ही गाडी अशीच असणार, असा निर्वाळा दिला. रेसच्या गाड्यांची चारही चाके वेगवेगळी तोलतात, हे मी वाचले होते. त्यासाठी लागणारे खास काटे सांगलीत कुठून आणायचे, एवढाच प्रश्न होता. मार्च महिन्यात मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवर विवरणपत्राच्या कामासाठी बसले असताना उत्तर समोरच दिसले. वखारीत पोती तोलायचे पाचशे किलोचे इलेक्ट्रॉनिक काटे ओळीने मांडलेले होते.

सौदे नसलेल्या रविवारी अडत्यांनी चार काटे दिले. चारही काट्यांवर एकच पोते तोलून ते सारखे वजन दाखवतात याची आधी खात्री केली. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, जिथे अर्धा इंच फरक आला तिथे प्लायवूडचे तुकडे सरकवले, आणि फळ्यांचा उतार करून चार हमालांनी गाडी ढकलत वर चढवली. टायरमधली हवा आधी मोजून भरली, टाकी पूर्ण भरली, हँडब्रेक सोडला, स्टिअरिंग सरळ केले आणि चाके नीट बसावीत म्हणून गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून हलवली. चालकाचे वजन जागेवर हवे म्हणून मी सीटवर पोते ठेवायला निघाले, तर तोलाईदार म्हणाले, "ताई, तुम्हीच बसा की. पोत्यानं सीटला हळद लागंल." एका हमालाचा प्रश्न रास्त होता: "चार पायांचं येगयेगळं वजन कशाला? भुईकाट्यावर घाला की, ट्रकागत."

भुईकाटा एकूण वजन सांगतो. मला हवे होते ते वजन कोणत्या पायावर किती पडते. तोलाईदारांनी सवयीने पट्टी लिहिली: माल – गाडी, नग – ४. पुढचे डावे चाक २२८ किलो, पुढचे उजवे २७४, मागचे डावे १८४, मागचे उजवे १४८. पुढची बेरीज ५०२ आणि मागची ३३२. डावीकडे ४१२ आणि उजवीकडे ४२२. इथपर्यंत काहीच वावगे नव्हते. तिरकी बेरीज केली तेव्हा उलगडा झाला. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ३७६ किलो, पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ४५८. एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी गाडी दोन तिरक्या पायांवर रेलून उभी होती. पुढच्या डाव्या चाकावर भार कमी, म्हणून ओल्या रस्त्यावर तेच आधी जाम व्हायचे. डाव्या वळणावर सगळा भार आधीच वाजवीपेक्षा जास्त लादलेल्या उजव्या चाकावर जायचा, म्हणून नाक बाहेर सरकायचे. चाकांचे कोन बरोबर होते, त्यामुळे अलाइनमेंटच्या संगणकाला यातले काहीच दिसणे शक्य नव्हते.

पट्टी घेऊन मी मेस्त्रींकडे गेले आणि पुढची डावी स्प्रिंग खोलायला सांगितली. ती सगळ्यात खालच्या वेढ्यावर तुटलेली होती. गंजून तुटलेला, अर्ध्या बांगडीएवढा तुकडा खालच्या कपातच बसून होता, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हते.

तयार स्प्रिंग मिळेना, तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या एका स्प्रिंग वळणाऱ्या कारखानदारांनी बनवून द्यायचे कबूल केले. मात्र जोडी एकदमच करायची, एक जुनी आणि एक नवी चालणार नाही, अशी त्यांची अट होती. मापे मी दिली, आणि तिथेच चुकले. उजव्या, न तुटलेल्या स्प्रिंगची तार मी रंग आणि गंजासकट व्हर्नियरने मोजली, ती १२.४ मिलिमीटर भरली. खरी तार १२ ची होती. फरक नखाएवढाही नाही, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे नवी जोडी सुमारे १४ टक्के जास्त कडक झाली. गाडीचे नाक वर उचलले गेले आणि इस्लामपूर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मणक्यात मोजता येऊ लागला. दुसऱ्या जोडीचे पैसे मी काहीही न बोलता दिले. या वेळी कारखानदारांनी स्वतः तार घासून मोजली, वळल्यावर उष्णतेचे संस्कार केले आणि शेवटी वेढे एकमेकांना टेकेपर्यंत स्प्रिंगा अनेकदा दाबून सोडल्या, म्हणजे त्या पुढे गाडीखाली बसत नाहीत.

पुन्हा रविवार, पुन्हा चार काटे, पूर्ण भरलेली टाकी आणि सीटवर मी. आता पुढची चाके २४७ आणि २५५, मागची १६५ आणि १६७. पुढची, मागची, डावी, उजवी अशी कोणतीही बेरीज एका किलोनेही बदलली नव्हती, आणि तशी ती बदलणारही नसते; बदलल्या त्या फक्त तिरक्या बेरजा, ४१४ आणि ४२०. तोलाईदारांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि तोलाई घ्यायला नकार दिला.

टायरच्या हवेचा एक विषय उरला होता. पेट्रोल पंपावरचा मुलगा प्रत्येक चारचाकीत न विचारता ३५ भरतो. एवढ्या हलक्या गाडीत तेवढी हवा म्हणजे रस्त्यावर चेंडू सोडल्यासारखे होते. दोन-दोन पौंड कमी करत मी पुढे २६ आणि मागे २४ वर थांबले, आणि आता माझा स्वतःचा गेज सोबत असतो. पन्हाळ्याच्या त्याच चढावर दोन्ही बाजूंची वळणे सारखी लागली, आणि उतरताना मोकळ्या जागी मुद्दाम जोरात ब्रेक दाबून पाहिला तर गाडी सरळ रेषेत थांबली.

टप लावल्यावर डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून मात्र अजून पाणी गळते. जीपचे हूड शिवणाऱ्या कारागिराने पुढच्या मंगळवारी गाडी आणायला सांगितली आहे. तोवर मांडीवर पंचा ठेवते.