ऊसवाहू ट्रॅक्टर १/१० : चौदाव्या महिन्याची नोंद

रविवारी संध्याकाळी भरलेली ट्रॉली घेऊन माझा रिमोटवर चालणारा, दहाव्या हिश्श्याचा मॉडेल ट्रॅक्टर बांधाच्या चढाला लागला आणि पुढची चाकं जमिनीवरच राहिली. वळवला, तर वळलासुद्धा. याच चढावर तो तीन रविवार तोंड वर करून उभा राहत होता, म्हणून आधी हे सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे या महिन्यापासून मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शेती अवजारांच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात कामाला लागले आहे. दोन्ही गोष्टी एकाच ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागं ट्रॉली जोडायच्या दांडीला) जोडलेल्या आहेत, त्यामुळे नोंद लांबेल.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल आपल्याकडच्या ५० एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरवर बेतलेलं आहे. मागची चाकं १३५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर) २०५ मिमी, बॅटरीसकट वजन २.४ किलो. मागच्या प्रत्येक चाकाला ३७ मिमीची एकेक गिअर मोटर, ३एस लिपो (तीन सेलची बॅटरी), पुढे स्टिअरिंगला मेटल गिअरचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर). ट्रॉलीतला ऊस म्हणजे खराट्याच्या काड्या. खरा ऊस २५-३० मिमी जाडीचा, काडी ३ मिमीची, म्हणजे मोजमापात चोख बसते. फक्त वजन भरत नाही, म्हणून मोळ्यांच्या खाली लोखंडी पट्ट्या लपवल्या आहेत. भरलेली ट्रॉली ७ किलो.

लांबी-रुंदी दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होतं, हे बहुतेकांना माहीत असतं. वेगाचं मात्र मला वर्षभर कळलं नव्हतं. खरा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीनं ताशी २० किमी जातो असं धरून मी सरळ दहानं भागलं, २ किमी काढले आणि ८० आरपीएमच्या (मिनिटाला ८० फेरे) मोटरी बसवल्या. ट्रॅक्टर मुंगीसारखा सरकायचा आणि ट्रॉली खड्ड्यातून जाताना मात्र खेळण्यासारखी टुणकन उडायची. कारण गुरुत्वाकर्षण काही दहापट कमी होत नाही. दहाव्या हिश्श्याच्या उंचीवरून वस्तू पडायला लागणारा वेळ दहाव्या हिश्श्याचा नसतो, तो सुमारे ३.१६ पटीनं कमी असतो, म्हणजे दहाच्या वर्गमुळानं. वेगही त्याच आकड्यानं भागायचा. २० भागिले ३.१६ म्हणजे ६.३ किमी. १३५ मिमीच्या चाकाला त्यासाठी साधारण २५० आरपीएम लागतात. मोटरी बदलल्या, व्हिडिओ ३.१६ पट हळू केला, आणि पप्पा म्हणाले, "हा तर आपल्या राधानगरी रोडवरचा वाटतोय."

आता तोंड उचलण्याचं. हंगामात कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही. डबल ट्रॉली, चढ, आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात हवेत तरंगणारी चाकं. लहानपणी मला वाटायचं की ट्रॅक्टरची ताकद जास्त झाली की असं होतं. ताकद लागतेच, पण ती कुठून ओढली जाते हा खरा प्रश्न आहे.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढच्या चाकांखाली ठेवला. रिकाम्या ट्रॅक्टरचं पुढं ८४० ग्रॅम. मग तानकाटा लावून चढावर ट्रॉली ओढली, जोर लागला १.८ किलो. आई म्हणाली, "मी बघतो की ग काटा, तू ओढ." तिनं आकडे वाचले आणि मी लिहिले. हूक जमिनीपासून ७० मिमीवर होता. ओढीचा जोर गुणिले हुकाची उंची भागिले व्हीलबेस, इतकं वजन पुढच्या चाकांवरून कमी होतं. १.८ गुणिले ७० भागिले २०५, म्हणजे सुमारे ६१५ ग्रॅम. त्यात दोन चाकी ट्रॉलीची दांडी हुकावर ९०० ग्रॅम भार टाकत होती. हूक मागच्या आसाच्या ७५ मिमी मागे असल्यानं आणखी ३३० ग्रॅम गेले. चढ आठास एक, त्यामुळे ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागं कलतं, त्याचे शंभरेक ग्रॅम. बेरीज केली तर १,०४५. पुढं होते ८४०. तोंड उचलणारच होतं. मी मात्र तीन रविवार टायरचे लग (पकडीचे उंचवटे) आणि मोटरींचा वेग यांच्यातच अडकून पडले होते.

हूक ४५ मिमीवर आणला. ६१५ चे ३९५ झाले. पुढं जेमतेम १५ ग्रॅम उरले. चाकं टेकली, पण वळायला तयार नाहीत. मग ट्रॉलीचा आस १० मिमी पुढं घेतला, दांडीवरचा भार ९०० वरून ७२० झाला, पुढं ८२ ग्रॅम. आणखी पुढं घेता आला असता, पण दांडीवर भार फार कमी झाला की उतारावर ट्रॉली मागून डोलायला लागते. ते आधी एकदा करून बघितलं आहे, खराट्याच्या काड्या ओढ्यात वेचत बसले होते. तेव्हा उरलेला उपाय खऱ्या ट्रॅक्टरचाच. पुढच्या बंपरवर बिडाची वजनं.

इथं मला या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात आवडता आठवडा मिळाला. पप्पा उद्यमनगरात पॅटर्न बनवतात, म्हणजे ओतकामासाठी वाळूत ठसा उठवायचे नमुने. सागवानाचे, हल्ली ॲल्युमिनियमचेही. त्यांच्याकडं अजून जुनी श्रिंकेजची पट्टी आहे. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं. ४० मिमीचं वजन हवं तर पॅटर्न ४०.४ चा. बाजूंना दोन अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, नाहीतर वाळूतून पॅटर्न काढताना कडा ढासळतात. मी पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये प्रिंट केला, पप्पांनी त्याच्यावर पुट्टी आणि पॉलिश मारून थरांच्या रेघा घालवल्या. शिरोलीतल्या एका ओळखीच्या फौंड्रीत मोल्डरमामांनी उरलेल्या धातूत चार वजनं ओतून दिली. प्रत्येकी ४० बाय ३० बाय ६ मिमी.

चारही वाया गेली. भोक पाडायला घेतलं तर ड्रिलचं टोक निळं पडलं, बीड मात्र जागचं हललं नाही. मामांनी एक तुकडा फोडून दाखवला. आतून करडा असायला हवा होता, तो पांढराफटक होता. बीड पातळ असलं की पटकन थंड होतं, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशीच बांधला जाऊन कार्बाइड होतो आणि तुकडा काचेसारखा कठीण नि ठिसूळ बनतो. हे मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. हातात पांढरा तुकडा आला तेव्हा समजलं. दुसऱ्या वेळी चार पातळ वजनांऐवजी दोन जाड केली, १२ मिमीची, आणि भोकं ओतीवच ठेवली. दोन्ही मिळून २०० ग्रॅमच्या थोडी वर. पुढच्या आसाच्याही ६० मिमी पुढं बसत असल्यानं आसावर त्यांचा परिणाम २५० ग्रॅमहून जास्त मिळतो. आता चढावर पुढं साधारण ३४० ग्रॅम राहतात. रविवारी ट्रॅक्टर वळला तो याच्यामुळं.

नोकरीचं सांगायचं तर मी चार वर्षं एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत होते. मायक्रोमीटर, बोअर गेज, रिपोर्ट. डिझाइनसाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणी अनुभव नाही म्हणून पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. फाइलमध्ये मी सुंदर रेंडर (संगणकावर काढलेली खऱ्यासारखी चित्रं) लावले होते, चकचकीत, मागे धूसर पार्श्वभूमी असलेले. ते कुणी नीट बघितलेही नाहीत. मला तेव्हा फार लागलं होतं, पण आज वाटतं की त्या चित्रांतून माझं काम दिसतच नव्हतं. असे रेंडर कुणीही शिकू शकतं.

या वेळी मी ट्रॅक्टरच नेला. आणि श्रीखंडाच्या डब्यात मोडलेले पार्ट. प्रत्येकावर मार्करनं तारीख आणि कारण. मागच्या आसाचं हाउसिंग, उभं प्रिंट केल्यामुळं थरांच्या मधून सरळ दुभंगलेलं. पप्पांनी तेव्हा ते हातात फिरवून एवढंच विचारलं होतं, "लाकडाची रेषा बघून कापतो का नाही आपण? मग याची रेषा कुठं बघितलीस?" दुसरं आडवं प्रिंट केलं, ते अजून चालू आहे. मोटर माउंट, पीएलएचं, मोटरीच्या उष्णतेनं वाकलेलं, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुढचं पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये केलं. पांढऱ्या बिडाचा तुकडाही होता.

मुलाखत घेणारे साहेब स्वतः टूलरूममधून वर आलेले. त्यांनी ट्रॅक्टर बाजूला ठेवला आणि डबा उघडला.

"हे मोडकं कशाला आणलंय?"

"प्रत्येक पार्ट का मोडला ते मला सांगता येतं, सर. चांगल्या पार्टचं तसं सांगता येत नाही, तो कदाचित गरजेपेक्षा जाड असेल."

ते एकेक काढून विचारत गेले. हुकाची उंची आली तेव्हा त्यांनी कागद पुढं सरकवला, "काढून दाखव." मी वरचंच गणित काढलं. मग त्यांनी विचारलं की बेअरिंगच्या बसण्याचं ड्रॉइंग कुठं आहे, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) काय दिलंय. क्वालिटीतल्या चारपैकी तीन वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर १० मिमीचं एच७ भोक तपासलं होतं, म्हणजे फरक चालणार शून्य ते अधिक १५ मायक्रॉन, म्हणून माझ्या छंदाच्या ड्रॉइंगवरही मी टॉलरन्स लिहीत होते. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "पण प्रिंटरला १५ मायक्रॉन जमत नाहीत की." नाही जमत. म्हणून भोक ०.२ मिमी लहान प्रिंट करून रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारते, आणि तसं ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं. मला वाटतं नोकरी तिथं मिळाली.

पगार आधीपेक्षा अडीच हजारांनी कमी आहे. घरी बोलून, विचार करून निर्णय घेतला.

तुमच्यापैकी ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांनी सारखं विचारलं आहे की कुठलं सॉफ्टवेअर शिकावं. माझं काम घरी फ्रीकॅडमध्ये झालं, इथं सॉलिडवर्क्स आहे, सवय व्हायला तीन आठवडे लागले. त्याची काळजी करू नका. काळजी याची करा की उतरवून घेतलेली तयार फाइल प्रिंट करून जोडली, तर त्यात डिझाइन कुणाचं? ती मोडा, मोजा, एक पार्ट स्वतः बदला, आणि का बदलला ते लिहून ठेवा. आणि टूडी ड्रॉइंग काढा. छापील कागद घेऊन एखाद्या टर्नरकडं जा आणि काही न बोलता त्याच्या हातात द्या. तो जे प्रश्न विचारेल ते तुमच्या ड्रॉइंगमध्ये राहून गेलेलं आहे.

कामावर पहिल्याच आठवड्यात मी एका ब्रॅकेटला छान गोलाई दिली होती. वेल्डर दादा मजल्यावरून वर आले आणि म्हणाले, "ताई, इथं माझी टॉर्च जात नाही." मी खाली गेले, त्यांच्या जागी वाकून बघितलं, खरंच जात नव्हती. घरी माझे पार्ट मीच बनवते, मीच बसवते, त्यामुळं हात कुठं पोचतो हे न लिहिता ठाऊक असतं. तिथं तो पार्ट माझ्यानंतर सहा जणांच्या हातातून जातो. आता ब्रॅकेट काढायच्या आधी मी शॉपवर चक्कर मारते.

छंदाला वेळ कमी झाला आहे हे खरं. रोज रात्री दोन तास मिळायचे, आता फक्त रविवार. पण रविवारी आईच्या माहेरी, भोगावतीच्या काठी शेतात गेलं की मामेभाऊ ट्रान्समीटर चार्ज करून तयारच असतो. पाऊस संपून हंगाम सुरू झाला की मला दुसरी ट्रॉली जोडायची आहे.

त्यात सध्या अडचण अशी. एक ट्रॉली चढावर ओढली तरी मोटरींना हात लावून ठेवता येत नाही, इतक्या तापतात. दोन ओढल्या तर जळतील. खऱ्या ट्रॅक्टरमध्ये चाकाच्या अगदी जवळ शेवटचं एक गिअर रिडक्शन असतं, ते मी जागा वाचवायला वगळलं होतं. आता १ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) १५ आणि ३० दातांचे गिअर बसवून बघते आहे. वेग निम्मा होईल, ३.२ किमी, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरचे ताशी १० किमी. दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन फडातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर तेवढ्याच वेगानं चालतो. दोन्ही गिअरच्या केंद्रांतलं अंतर २२.५ मिमी येतं आणि हाउसिंगमध्ये जागा आहे २१. हाउसिंग नव्यानं काढायला घेतलं आहे, या वेळी रेषा आधी बघून.