तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं ‘मी पापी’ म्हणता, मग मन हलकं कसं होतं?

नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, आमच्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणी हा प्रश्न हमखास विचारतात. सुरुवातीलाच सगळे छातीवर हात मारून अपराध कबूल करतात, त्याने माणूस आणखी खचत नाही का? आणि तू तर म्हणतेस, श्रद्धेमुळे स्वतःला टोचून खाणं कमी झालं!

प्रश्न रास्त आहे. पण ती कबुली जेमतेम मिनिटभराची असते. फादर क्षमेची प्रार्थना म्हणतात आणि लगेच गौरवगीत सुरू होतं. छाती बडवत कुणी मागे थांबत नाही. माझ्या डोक्यातल्या कोर्टात मात्र तारखेवर तारीख पडायची. भांडी घासताना, लोकलमध्ये, रात्री दीड वाजता: तू तसं का बोललीस, त्यांना काय वाटलं असेल, तुला कधी काही जमायचंच नाही. आरोपी मी, वकील मी, जज्जही मीच. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेले की ते प्रायश्चित्त म्हणून तीनदा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणायला सांगायचे. मला वाटायचं, एवढंच? हा मला नम्रपणा वाटायचा. खरं तर चांगलाच ताठा होता तो: देवाने प्रकरण निकाली काढलं तरी मी काढणार नाही.

मला आधार मिळाला तो संत इग्नेशियस लोयोलांच्या गोष्टीत. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्या येशूसंघाने (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) काढलं, त्याचे हे संस्थापक. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मोंसेरातच्या मठात त्यांनी जन्मभराची पापं लिहून काढली आणि तीन दिवस पापनिवेदन केलं. तरी जवळच्या मान्रेसा गावी पोचल्यावर, काही सांगायचं राहिलं तर नाही ना, म्हणून पुन्हा तेच. शेवटी फादरांनी बजावलं, जुनं काही सांगायचं नाही. अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगायचं. पंचाईत अशी की, त्यांना सगळंच अगदी स्पष्ट वाटत होतं! हे वाचून मला हसूच फुटलं. त्यांचे हाल मात्र हसण्यासारखे नव्हते, जीव देण्यापर्यंत विचार गेले होते. मग त्यांनी बघितलं की या टोचणीतून शेवटी निघतं काय, तर जगण्याचा वीट. हे देवाकडचं नव्हे, असं त्यांनी ठरवलं आणि जुन्या पापांची उजळणी कायमची थांबवली.

त्यांनीच पुढे शिकवलेली आत्मपरीक्षा मी रोज रात्री करते. सगळी किमया तिच्या क्रमात आहे. आधी देवाचे आभार, मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून त्याची कृपा मागायची, त्यानंतर दिवसाचा हिशेब, मग क्षमा, आणि शेवटी उद्या काय सुधारायचं ते. मी वर्षानुवर्षं थेट हिशेबाला बसत होते आणि तिथेच अडकत होते. आता आभारात बारीकसारीक गोष्टी येतात, शेजारणीने आणून दिलेलं अळू, गाडीत मिळालेली खिडकीची जागा. एवढं मोजून झाल्यावर ‘तुला काही जमत नाही’ म्हणायला तोंड उरत नाही.

बायबलमधल्या पेत्राचं, येशूच्या शिष्याचं, हेच. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ तो तीनदा म्हणाला, येशूला मी ओळखत नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतर तलावाकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव, त्यावर मासे. येशू त्याला न्याहारीला बोलावतो आणि तीनदा विचारतो ते एवढंच, माझ्यावर प्रीती करतोस का? ‘असं का केलंस’ हा प्रश्नच नाही. उलट तिथल्या तिथे काम सोपवतो.

माझ्या डोक्यातला तो टोचणारा आवाज पूर्ण बंद झाला का? नाही. पण आता मी त्याच्याशी वाद घालत बसत नाही. कुणाची त्यापायी झोपच उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर मात्र नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका, डॉक्टरांकडेही जा. इग्नेशियसनी त्याच दिवसांत आठवडाभर कडक उपास धरला होता. फादरांना कळलं, तेव्हा त्यांनी आधी त्यांना जेवायला लावलं.