द्वारका सर्कल ते जंक्शन १४ : मिल्टन कीन्समध्ये लायसन काढताना

नाशिकच्या द्वारका सर्कलला मी अकरा वर्षं गाडी घातली आहे. ज्यांनी तो चौक पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. त्यामुळे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आल्यावर नवरा म्हणाला, "तुला परत परीक्षा द्यावी लागेल," तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. इथेही गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने आणि स्टिअरिंग उजवीकडे. मग शिकायचं काय? ते कळेपर्यंत वीस महिने, दोन थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल परीक्षा गेल्या. मागून येणाऱ्यांचे थोडे पैसे आणि पुष्कळ मनस्ताप वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी बारा महिन्यांचं गणित. आपलं भारतीय लायसन ब्रिटनमध्ये चालतं, पण इथे राहायला आल्यापासून फक्त बारा महिने. जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचं लायसन देऊन थेट इथलं मिळतं, पण त्या यादीत भारत नाही. बारा महिने उलटले की आपण शिकाऊ, मग आधी पाच वर्षं चालवलेली असो नाहीतर पंचवीस. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावायचा, शिकाऊ म्हणून विमा काढायचा आणि शेजारी एकवीस वर्षांवरचा, किमान तीन वर्षं पक्कं लायसन असलेला माणूस बसवायचा. मी पहिलं वर्ष घर, लेकीची शाळा आणि थंडी यांतच घालवलं. अकराव्या महिन्यात जाग आली. नवऱ्याने आल्या आल्या परीक्षा देऊन टाकली होती, पण त्याच्या लायसनला तीन वर्षं व्हायची होती. गाडी दारात, नवरा घरात आणि सरावाला दोघांचाही उपयोग शून्य! म्हणून सांगते, पहिल्या वर्षातच परीक्षा उरका. तोवर भारतीय लायसनवर एकटीने हवा तेवढा सराव करता येतो. पुढे तोच सराव शिकवणाऱ्याच्या गाडीत तासाच्या भावाने विकत घ्यावा लागतो.

प्रोव्हिजनल म्हणजे कच्चं लायसन मिळणं सोपं आहे. मी भरले तेव्हा ऑनलाइन ३४ पौंड होते, पोस्टाने ४३. ब्रिटनमध्ये किमान १८५ दिवस राहायची परवानगी असावी लागते. आल्याच्या पहिल्याच महिन्यात अर्ज टाकून द्या. ते नुसतं पाकिटात पडून राहिलं तरी काही बिघडत नाही.

थिअरीची फी २३ पौंड. दोन भाग असतात आणि दोन्हींत एकाच बैठकीत पास व्हावं लागतं. पहिल्या भागात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, पासाला ४३. त्यात मला ४८ पडले, पण मी दुसऱ्या भागात आपटले. त्यात १४ छोटे व्हिडिओ दाखवतात. आपण गाडीत बसलोय असं धरायचं आणि पुढे धोका तयार होताना दिसला की माऊस क्लिक करायचा. त्यांतल्या एकाच व्हिडिओत दोन धोके असतात, बाकीच्यांत एकेक, म्हणजे एकूण पंधरा. प्रत्येकी जास्तीत जास्त पाच गुण, ७५ पैकी ४४ हवेत. मला ४१ पडले. नाशिकच्या रस्त्यांवर घडलेल्या माणसाला फुटपाथवर उभा पोरगा म्हणजे धोका, दार किंचित उघडं असलेली उभी गाडी म्हणजे धोका, कुत्रं तर आहेच. मी सगळ्यांवर टकाटक क्लिक करत गेले. पण गुण कधी मिळतात? तो पोरगा खरोखर रस्त्यावर उतरायला निघाला की. त्याआधीच्या क्लिकला काही मिळत नाही, आणि ठेक्यात क्लिक करत राहिलं तर त्या व्हिडिओला थेट शून्य. दुसऱ्या वेळी मी दिसल्यावर एक क्लिक आणि मनात 'एक' म्हणून दुसरं, एवढंच केलं. ५७ मिळाले. नापास झाल्यावर पुढची तारीख किमान तीन कामाचे दिवस सोडून घेता येते. पास झालं की ते दोन वर्षं टिकतं. तेवढ्यात प्रॅक्टिकल झालं नाही तर थिअरी पुन्हा पहिल्यापासून.

खरी रांग प्रॅक्टिकलला आहे. मला मिळालेली पहिली तारीख पाच महिन्यांनंतरची होती. नव्या तारखा सोमवारी सकाळी सहाला सुटतात. मी तीन सोमवार चहाचा कप आणि लॅपटॉप घेऊन बसले, तेव्हा कुठे एक हाती लागली. आपल्याकडे आरटीओच्या फाटकाबाहेर एजंट उभा असतो तसा इथे तो मोबाइलमध्ये असतो. तारखा अडवून चढ्या भावाने विकणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खरी फी सोमवार ते शुक्रवार दिवसा ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. कोणी रद्द केलेल्या तारखा अधूनमधून येतात. मला दुसरी तारीख तशीच मिळाली, रात्री साडेदहाला, भांडी घासताना.

आता शिकण्याबद्दल. मला शिकवायला साठीच्या घरातल्या एक बाई मिळाल्या. पूर्वी शहर बस चालवायच्या. तासाला ३८ पौंड. शिक्षक निवडताना गाडीच्या काचेवरचा बिल्ला पाहा. हिरवा असेल तर पूर्ण पात्र, गुलाबी असेल तर अजून शिकाऊ शिक्षक. गुलाबीवाला वाईटच असतो असं नाही, पण पैसे पूर्ण घेत असेल तर विचारून घ्या.

पहिल्या तासाला बाईंनी मला फक्त चालवू दिलं. गाडी थांबल्यावर वहीत बघत शांतपणे यादी वाचली. उतारावर मी न्यूट्रल टाकते. वळणाच्या खूप आधीपासून क्लच दाबून गाडी वाहू देते. सिग्नलला हँडब्रेक ओढत नाही. पुढच्याला माझी चाहूल लागावी म्हणून हॉर्नवर अंगठा तयार ठेवते. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकायचं हे मला वडिलांनी शिकवलेलं. सप्तशृंगगडावरून उतरताना ते अर्धा घाट इंजिनाशिवायच यायचे! इथे तो दोष धरतात, कारण गिअर सुटला की गाडी नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उरते. ही एक सवय मोडायला मला सहा तास लागले. अडतीस गुणिले सहा, तुम्हीच हिशेब करा.

सगळ्यात मजा डिपरची, म्हणजे पुढचे दिवे लुकलुकवण्याची. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर अर्थ एकच, 'मी येतोय, थांब.' एका अरुंद गल्लीत दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरच्या व्हॅनवाल्याने डिपर मारला. मी इमानेइतबारे थांबले. त्याने परत मारला. मी अजूनच कडेला घेतली. बाई म्हणाल्या, "अहो, तो तुम्हाला जा म्हणतोय." इथल्या नियमांच्या पुस्तकात डिपरचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच दिलाय, पण रस्त्यावर लोक तो 'तुम्ही आधी' म्हणून वापरतात. त्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. वाट खरोखर मोकळी आहे का ते स्वतः बघा आणि मगच निघा. जाताना हात वर करायला विसरू नका, इथे त्याला फार मान आहे.

मिल्टन कीन्सला शिकत असाल तर राउंडअबाउटशिवाय, म्हणजे आपल्या सर्कलशिवाय, गत्यंतर नाही. १९६७ साली नवं शहर म्हणून आखलेलं हे गाव म्हणजे वहीच्या चौकोनी पानावर काढल्यासारखं आहे. आडव्या रस्त्यांना एच, उभ्यांना व्ही आणि पुढे आकडा. एच६, व्ही७. जिथे हे एकमेकांना छेदतात तिथे बहुतेक ठिकाणी राउंडअबाउट, असे शंभरावर आहेत. नियम एका वाक्याचा आहे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. द्वारका सर्कलचा नियमही एका वाक्याचाच होता, पण तो वेगळा. इथे लेन आधी ठरवावी लागते. उजवीकडच्या रस्त्याला लागायचं असेल तर उजवा इंडिकेटर देऊन उजव्या लेनने शिरायचं, आणि आपल्या आधीचा फाटा ओलांडला की लगेच डावा इंडिकेटर देऊन बाहेर. मी घरी जेवणाच्या टेबलावर ताट ठेवून त्याभोवती लेकीची खेळण्यातली गाडी फिरवत हे पाठ केलं. हसू नका, उपयोग झाला.

वेगाचाही घोळ होतो. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की राष्ट्रीय मर्यादा सुरू, म्हणजे साध्या रस्त्याला ६० मैल आणि मध्ये दुभाजक असेल तर ७०. साठ मैल म्हणजे ९६ किलोमीटर, हे माझ्या पायाला पटायला वेळ लागला. मी पस्तीसने रेंगाळायचे. इथे विनाकारण हळू चालवण्याचेही गुण जातात.

पहिली परीक्षा. आधी वीस मीटरवरून एका गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवायची. ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते, तेव्हा चष्मा पर्समध्ये नको, नाकावर हवा. मग गाडीबद्दल एक प्रश्न. पुढची चाळीसेक मिनिटं रस्त्यावर, त्यातला बराच वेळ सॅटनॅव्ह किंवा पाट्या बघत आपलं आपण जायचं. वाट चुकली तर गुण जात नाहीत, चुकताना नियम मोडला तर जातात. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ, सोळावी झाली की नापास. गंभीर चूक मात्र एकही चालत नाही.

माझ्या किरकोळ सहा झाल्या. गंभीर एक. परीक्षकांनी डावीकडे थांबायला सांगितलं, मी थांबले. मग "निघा" म्हणाले. मी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, निघाले. उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहिलंच नाही, आणि आरशात न दिसणारा एक सायकलवाला नेमका तिथेच होता. परीक्षकांनी ब्रेक दाबला. सायकलवाला काही न बोलता पुढे गेला, त्याचं ते न बोलणंच मला जास्त लागलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, मी आरशात पाहिलं होतं, त्याचे गुण द्यायला नकोत का! तो बिचारा गप्प. रात्री मला आठवलं की नाशिकला मी मागचं सगळं कानाने ओळखायचे. हॉर्न वाजला की तिकडे कोणीतरी आहे. अकरा वर्षं मी कानांनी गाडी चालवली होती. इथे कोणी हॉर्नच देत नाही, मग कळणार कसं?

नापास झाल्यावर दहा कामाचे दिवस थांबावं लागतं. त्या काळात मी बाईंकडे चार तास घेतले आणि एकच गोष्ट घोटली. थांबायचं, आरसा, आरसा, खांदा, निघायचं. मान नुसती डोळ्यांनी नाही, हनुवटीसकट वळवा. आत डोकं हलवलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. सुरुवातीला नाटकी वाटतं, पण वळलेली मान खोटं बघत नाही.

दुसऱ्या परीक्षेत एक गंमत झाली. आमच्या गावात २०१८ पासून सामान पोचवणारे छोटे पांढरे रोबो फुटपाथवरून फिरतात. सहा चाकं, वर काठीला झेंडा. मी डावीकडे वळत होते आणि वळणाच्या तोंडाशी एक रोबो रस्ता ओलांडायला थांबलेला. २०२२ पासून नियम असा की वळणाऱ्या गाडीने रस्ता ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आता रोबो पादचारी का? पुस्तकात हे कुठे वाचलेलं नव्हतं. मागे कोणी नव्हतं, म्हणून थांबले. तोही थांबला. परीक्षक खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी तोच खडखडत गेला. चार किरकोळ चुका निघाल्या, त्यातली ही होती की नाही देव जाणे. पास!

मॅन्युअलवर द्यायची की ऑटोमॅटिकवर, असं मला पुष्कळ जणी विचारतात. ऑटोमॅटिकवर दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. मी हट्टाने मॅन्युअलवर दिली. घरात ऑटोमॅटिकच असेल आणि घाई असेल तर तो हट्ट करू नका.

पास झाल्यावर दोन गोष्टी. विम्याचा आकडा बघून आधी पाणी प्या. भारतातल्या अकरा वर्षांना मला तरी कोणी विचारलं नाही. आणि पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की लायसन रद्द, पुन्हा कच्च्या लायसनपासून सुरुवात. हातात फोन धरून चालवताना सापडलात तर २०० पौंड दंड आणि एका फटक्यात सहा गुण. आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल आला तरी वाजू द्या.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, लेकीला मागच्या खुर्चीत बांधून मी एम१ मोटरवेला लागले. बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर मुलांना खास खुर्ची लागते. जंक्शन १४ ला चढायचं, २१ ला लेस्टरसाठी उतरायचं. चढताना जोडरस्त्यावरच वेग घ्या, त्याच्या शेवटाला जाऊन थांबू नका. मग डाव्या लेनमध्ये राहा, मागे टाकायचं असेल तेव्हाच उजवीकडे जा आणि परत डावीकडे या. बेलग्रेव्ह रोडवर मेथी, गवार, कच्च्या कैऱ्या, शेव असं सगळं घेतलं. पार्किंग मिळायला वीस मिनिटं लागली आणि तिथला रस्ता बघून क्षणभर नाशिकला आल्यासारखं वाटलं.

येताना न्यूपोर्ट पॅग्नेलच्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेकाठच्या थांब्याला, थांबले. तिथून घर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर, थांबायची काही गरज नव्हती. पण मोटरवेवरून आपली आपण गाडी बाहेर काढून चहा प्यायचा होता. दोन तास पार्किंग फुकट असतं. पेट्रोल मात्र तिथे महाग, टाकी गावातूनच भरून निघा. चहा बेताचाच होता. लेक मागे झोपली होती आणि गाडीभर मेथीचा वास सुटला होता.