फोन लावणारा राउटर

"सर, हा राउटर फोन लावायचा?"

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर भंगार काढताना सोबतच्या पोरानं विचारलं. राउटरला चिकटवलेल्या कागदावर बॉलपेननं आयएसडीएनचं (टेलिफोनच्या तारेवरून आवाज आणि डेटा डिजिटल पाठवायची जुनी सोय) सेटिंग लिहिलेलं, कडा हळदीनं पिवळ्या.

लावायचा की! डायलर लिस्टमध्ये (कुठल्या डेटासाठी फोन लावायचा, त्याची यादी) बसणारा डेटा आला की नंबर फिरवायचा, आयडल टाइमआउट (तसा डेटा न येता थांबायची मुदत) संपला की फोन ठेवायचा. डेटाला 64 केबीपीएसचे दोन बी चॅनेल, सिग्नलिंगला (कॉल जोडायच्या-तोडायच्या इशाऱ्यांना) 16 चा डी चॅनेल. स्विच-टाइप (टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचचा प्रकार) चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही लाइन ढिम्म.

बिल कॉलवर यायचं. म्हणून टाइमआउट किती सेकंदांचा, यात शेठ स्वतः लक्ष घालायचे. (त्या कागदावर तो आकडा दोनदा खोडलाय!)

आता आपला राउटर कधी, कुठं, काय बोलतो, घरात कुणाला पत्ता असतो का?