भुरी, बंड्या अन् आम्ही पाच जण: कॅम्पर व्हॅनने चिखलदरा

मागच्या वर्षी शेगावले दोन दिवस गेलो होतो तेव्हा आमच्या भुरी कुत्रीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. दोन दिवस तिनं तोंडात काही घेतलं नाही, आम्ही आलो तेव्हा फाटकाशी पडून होती आणि उठून शेपटी हलवायलाही तिला जरा वेळ लागला, नऊ वर्षांची आहे ती. मुलीनं त्याच दिवशी सांगून टाकलं की आता भुरी आणि बंड्या येतील तिथंच आपण जायचं, नाहीतर मी पण घरीच. बंड्या म्हणजे दोन वर्षांचं गावठी कुत्र्याचं पोट्टं, शेतात सापडलेलं, त्याला घरी ठेवलं तर त्रास त्याला होत नाही, घराला होतो.

मग सुरू झालं डोकं लावणं. एसटीत दोन कुत्रे आणि पाच माणसं, नको. हॉटेलवाले कुत्रं म्हटलं की खोली भरली म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं होतं की आपल्याच पिकअपच्या मागे गादी टाकू, ताडपत्री बांधू अन् निघू. मी म्हटलं मालाच्या गाडीत माणसं बसवून नेणं कायद्यात बसत नाही आणि गाडीच्या बॉडीत आपल्या मनानं फेरफार पण करता येत नाही, त्याला आरटीओची परवानगी लागते. तेवढ्यात मुलीनं मोबाईलवर दाखवलं की नागपूरला कॅम्पर व्हॅन भाड्यानं मिळतात, म्हणजे चाकावरचं घरच, मागे पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, छोटंसं टॉयलेट. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं हेही तेव्हाच कळलं, मी शिक्षिका असून मला माहीत नव्हतं.

तीन ठिकाणी फोन केला. दोघांनी कुत्रे हा शब्द ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. तिसऱ्या भाऊंनी विचारलं, "चावतात का?" नाही म्हटलं. "केस गळतात का?" हो म्हटलं. खरं सांगितलं म्हणूनच बहुतेक ते तयार झाले, डिपॉझिट जास्त घेतलं, लसीचे कागद मागितले आणि सीटवर जुन्या चादरी घालायला सांगितलं, जे आम्ही तसंही करणारच होतो.

कुठं जायचं यावर घरात आठ दिवस चर्चा. पोराला वाघ पाहायचा होता. पण वाघ जिथे आहे तिथे कुत्रं न्यायचं नसतं, आणि हे फक्त गेटवरच्या नियमापुरतं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोघांना रेबीजची लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की कुत्र्याला डिस्टेंपर नावाचा रोग होतो आणि तो जंगलातल्या प्राण्यांना लागू शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले होते ना, तेव्हा तिथल्या सिंहांमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला होता. हे ऐकून पोरगं एकदम चूप. दोघांना ती पण लस देऊन घेतली, गोचिडाचं औषध लावलं, आणि घरी येऊन पोरानं वहीत स्वतःच लिहिलं, 'भुरी आणि बंड्या जंगलात जाणार नाहीत.'

म्हणून ठरलं चिखलदरा. आर्वीजवळच्या आमच्या गावावरून जेमतेम दीडशे किलोमीटर, पहिल्या ट्रिपला तेवढंच बरं. राहायचं गावात, कुत्र्यांना फिरवायचं गावातल्या रस्त्यांवर पट्टा लावून, आणि गाविलगडावर आम्ही पाळीपाळीनं जायचं, कारण किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. सगळे एका वेळी चढणार नाहीत, अर्धे गाडीजवळ थांबतील. आधी मुलीला हे पटलं नाही, एकत्र जायचं म्हणूनच तर गाडी घेतली ना म्हणे. पण दुसरा रस्ता नव्हता, एका जागी उभ्या बंद गाडीत कुत्रं ठेवून जाणं आम्हाला कोणालाच मंजूर नव्हतं, कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच तो थंड होतो, हिवाळ्याच्या उन्हात सुद्धा बंद गाडी लवकर तापते.

तयारी महिनाभर चालली. बंड्याला गाडीची सवय नव्हती म्हणून रोज संध्याकाळी शेजारच्यांच्या ओम्नीत बसवून पाटापर्यंत नेऊन आणायचं, आधी गाडी नुसती उभी, मग सुरू, मग चालती. चालायची सवय म्हणून रविवारी शेतामागच्या टेकडीवर जायचो, भुरीचे मागचे पाय दुखतात तर तिच्यासाठी अर्ध्यावर थांबायचं. यावरून कळलं की तिच्यानं एका वेळी दोन किलोमीटरच्या वर होत नाही, तसंच मग प्लॅनमध्ये लिहिलं. गळ्यातला पट्टा काढून छातीचे हार्नेस घेतले कारण बंड्या ओढतो आणि खोकतो. दोघांच्या हार्नेसवर आमचा फोन नंबर. जेवणात नेहमीचीच भाकर, दही, उकडलेली अंडी, नवीन काही द्यायचं नाही. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं, तर ते डबे वरच्या कपाटात.

नवऱ्याला वेगळीच काळजी, कापसाची दुसरी वेचणी नुकतीच आटोपली होती पण हरभऱ्याचं ओलीत चालू होतं आणि पंपाची लाईन रात्रीची. गड्याला सगळं तीनतीनदा सांगून झालं. नाताळची सुट्टी, एक रजा आणि शनिवार-रविवार असे चार दिवस निघाले. आदल्या दिवशी नवरा नागपूरला जाऊन गाडी घेऊन आला आणि अख्खं गाव पाहायला, टॉयलेट उघडून उघडून पाहून राहिले होते लोक.

सकाळी पाचला निघालो. तळेगाव, आष्टी, मोर्शी. आष्टीला हुतात्मा स्मारकापाशी चहाला थांबलो, १९४२ च्या १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी इथले लोक पोलीस ठाण्यावर गेले होते आणि गोळीबार झाला होता, मी दरवर्षी वर्गात शिकवते पण स्वतःच्या लेकरांना तिथं उभं करून सांगायची ही पहिलीच वेळ. मोर्शीच्या पुढे दोन्ही बाजूला संत्र्याचे बगीचे, आंबिया बहाराची तोड चालू, रस्त्याच्या कडेला कॅरेटचे ढीग. परतवाड्याला आलूबोंडे खाल्ले, पाण्याची टाकी भरून घेतली, आणि धामणगाव गढीवरून घाट धरला.

घाटात तिसऱ्याच वळणावर बंड्यानं ओकलं. गादीवर, चादरीवर, पोराच्या चपलेवर. मी हैराण, कारण प्रवासाच्या आधी तीन-चार तास त्याला काही द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. मग आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच बोलल्या, "म्या चार वाजता दूध-भाकर देल्ली होती त्याले. मुक्या जीवाले उपाशी कसं नेऊ माय?" काय बोलणार. आईंचा या ट्रिपलाच विरोध होता, कुत्र्यासाठी एवढे पैसे कोणी घालते का म्हणत होत्या, आणि दूध-भाकर द्यायला पहाटे चारला त्याच उठल्या होत्या. गाडी मोकळ्या जागी घेऊन सगळं धुतलं, अर्धी टाकी तिथंच संपली. ज्यांना अशी गाडी घ्यायची त्यांना माझं एवढंच सांगणं, टाकी कितीही मोठी सांगितली तरी चार कॅन वेगळे न्या. आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, गाडी जड असते, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका, हे आम्हाला परतवाड्यात एका ट्रकवाल्या दादांनी सांगितलं होतं आणि त्याचा उपयोग झाला.

चिखलदऱ्याला गाडी लावायला खास अशी जागा आम्हाला सापडली नाही. एका छोट्या हॉटेलच्या मालकांनी अंगणात लावू दिली, लाईटचं कनेक्शन दिलं, टॉयलेटची टाकी कुठं खाली करायची तेही दाखवलं, पैसे घेतले पण वाजवी. त्यांनीच बजावलं, अंधार पडला की कुत्रे आत, दार बंद, बिबट्या सगळ्यात आधी कुत्रंच उचलतो. हे आम्हाला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर पोटात गोळा आला.

पहिली रात्र. थंडी अशी की दोन वाकळा कमी. रात्री दीडच्या सुमारास भुरी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. भुंकली नाही. पाठीवरचे केस उभे, नाक दाराच्या फटीला, आणि अंगातून बारीक थरथर. बंड्या पलंगाखाली शिरला. आम्ही सगळे जागे, कोणीच बोलेना, आईंनी भुरीच्या पाठीवर हात ठेवला तो तसाच ठेवून बसल्या. दहा-पंधरा मिनिटांनी ती परत येऊन झोपली. बाहेर काय होतं कोणास ठाऊक, सकाळी काही दिसलं नाही. पण नऊ वर्षं भुरी माझ्या अंगणात राहिली आणि त्या रात्री मला ती पहिल्यांदाच अशी दिसली.

गाविलगडावर पहिल्या दिवशी नवरा आणि मुलगी गेले, दुसऱ्या दिवशी मी आणि पोरगा. आणि हे पाळीपाळीनं जायचं प्रकरण आम्हाला लयच आवडलं, कारण पहिल्यांदाच मी माझ्या पोरासोबत एकटी अशी तीन तास चालले. शाळेत कोणाशी पटत नाही, कोणता सर आवडतो, सगळं चालता चालता बाहेर आलं. दरवाज्यावर कोरलेलं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, पाहून तो तिथंच बसून चित्र काढत राहिला. मी त्याला सांगितलं की किल्ला नागपूरच्या भोसल्यांकडे होता आणि १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो घेतला, दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. तो म्हणाला, "म्हणजे आत्ता असाच डिसेंबर होता?" हो रे बाबा, असाच. तटावरून खाली दरी आणि पलीकडे सातपुड्याच्या रांगा, झाडीवर धुकं. पाणी दोन बाटल्या नेल्या होत्या, तिसरी हवी होती, आत विकत काही मिळत नाही.

तोपर्यंत इकडे आई कुत्र्यांना घेऊन शक्कर तलावाकडे रोज सकाळी चक्कर मारून येत होत्या, मुलगी बंड्याला धरायची आणि भुरी आईंसोबत, दोघी एकाच चालीनं, दोघींचेही गुडघे दुखतात. तिसऱ्या दिवशी तर आईंची सगळ्या चहावाल्यांशी ओळख झाली होती. इथली कॉफी घरी न्यायची म्हणून त्यांनीच विचारून विचारून दोन पाकिटं आणली, आमच्या घरी कॉफी कोणी पीत नाही. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल हे सगळं पाळीपाळीनंच झालं, कुठं गर्दी दिसली की आम्ही कुत्र्यांना उतरवलंच नाही.

परतताना बहिरमला वाट वाकडी केली. २० डिसेंबरपासून यात्रा असते, महिनाभराच्या वर चालते, आणि तिथले रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, खाल्ल्याशिवाय आई पुढे सरकायला तयार नव्हत्या. गर्दीपासून दूर गाडी लावली, नवरा जाऊन रोडगे, वांग्याची भाजी, वरण घेऊन आला. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्याचा वास गाडीत भरला, बंड्याच्या तोंडाला नुसत्या तारा. भाजीत कांदा, तर ती नाही, पण तूप लावायच्या आधी एक रोडगा आईंनी बाजूला काढून ठेवला होता, फोडून, फुंकर मारून, दोघांना सारखा अर्धा अर्धा.

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. सामान उतरवलं, पोरं उतरली, बंड्या सरळ शेताकडे पळाला, भुरी मात्र उतरेचना. आपल्या चादरीवर बसून राहिली. दोनदा बोलावलं, भाकर दाखवली, नाही. गाडी सकाळी नागपूरला परत द्यायची होती. मी म्हटलं उचलून आणू का. तर आईंनी घरातून आपली उशी आणि वाकळ आणली, पायरी चढून आत गेल्या आणि म्हणाल्या, "राहू दे तिले. आजची रात आहे आपली गाडी." आणि आतून दार लावून घेतलं.